दुर्बिणीतून आतड्याची शस्त्रक्रिया: ठरवताना, तयारी करताना आणि घरी परतल्यावर

मोठ्या आतड्याची किंवा गुदाशयाची शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "दुर्बिणीतून होईल ना?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण छेद लहान म्हणजे शस्त्रक्रियाही लहान, अशी एक समजूत त्याच्या मुळाशी असते. ती आधी दूर करावी, कारण तयारीत होणारी हयगय, घरी गेल्यावर अंगावर काढलेली दुखणी आणि डॉक्टरांवर विनाकारण धरलेला रोष यांतले बरेचसे त्या समजुतीतूनच येते. दुर्बिणीमुळे पोटाच्या भिंतीवरचा घाव लहान होतो. पोटातले काम मात्र तेवढेच राहते.

पूर्ण भूल दिल्यानंतर बेंबीजवळच्या लहानशा छेदातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू सोडला जातो. त्याचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका ठेवतात. पोटाची भिंत हळूहळू वर उचलली जाते आणि एरवी एकमेकांना लगटून असलेल्या अवयवांमध्ये काम करण्यापुरती जागा तयार होते. मग ५ ते १२ मिलिमीटर जाडीच्या चार-पाच नळ्या बसवून त्यांतून दुर्बीण आणि हत्यारे आत घातली जातात. त्यानंतरचे टप्पे पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचेच असतात. रक्तवाहिनी मुळाशी बांधून तोडायची, आतडे मागच्या भिंतीपासून अलगद सोडवायचे, आजारी भाग त्याच्या लसिका ग्रंथींसह (लिम्फ नोड) काढायचा आणि उरलेली दोन टोके स्टेपलरने किंवा टाक्यांनी जोडायची. काढलेला भाग बाहेर आणायला काही सेंटीमीटरचा एक छेद बहुतेक वेळा द्यावाच लागतो. तो पोटाच्या मध्यरेषेवर उभा देणार की ओटीपोटावर आडवा, हे आधी जरूर विचारावे, कारण मध्यरेषेवरच्या छेदात पुढे हर्निया होण्याचे प्रमाण आडव्या छेदापेक्षा जास्त असते. रुग्ण हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, पण त्याचे उत्तर पुढची अनेक वर्षे त्यांच्या पोटावर राहणार असते.

निष्कर्ष कसे वाचावेत

दुर्बिणीने पोटात डोकावण्याची कल्पना जुनी आहे. स्टॉकहोममध्ये हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसांवरील असे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि १९९० च्या सुमारास मोठ्या आतड्यावरही असे प्रयत्न सुरू झाले. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत काही वर्षांतच सर्वत्र रूढ झाली. आतड्याच्या कर्करोगात मात्र तिला दीर्घकाळ थांबावे लागले. नळ्या घातलेल्या जागी कर्करोगाच्या गाठी पुन्हा उगवल्याच्या नोंदी सुरुवातीच्या काळात आल्या होत्या, त्यामुळे पुरावा मिळेपर्यंत ही शस्त्रक्रिया अभ्यासाच्या चौकटीतच करावी, अशी भूमिका अनेक शल्यचिकित्सकांनी घेतली. ती सावधगिरी योग्यच होती, असे मला वाटते.

हा पुरावा २००४ मध्ये मिळाला. अमेरिका आणि कॅनडातील ४८ रुग्णालयांत ८७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर कर्करोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात १८ टक्के होते. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६ आणि ८५ टक्के होते. हा फरक नगण्य आहे आणि चाचणीचा निष्कर्षही तोच होता: कर्करोगाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच. रुग्णालयातील मुक्काम मात्र सरासरी सहा दिवसांवरून पाच दिवसांवर आला आणि वेदनाशामक औषधे कमी लागली. थोडक्यात, दुर्बिणीचा लाभ पहिल्या काही आठवड्यांत मिळतो. दुखणे कमी, आतडे लवकर चालू होणे, जखमेत पू होण्याचा धोका कमी, कामावर लवकर परतणे, असे हे लाभ आहेत. दुर्बिणीमुळे कर्करोग अधिक चांगला बरा होतो, असे कोणी सांगितले तर ते या पुराव्याच्या पलीकडचे विधान आहे.

गुदाशयाच्या बाबतीत चित्र एवढे स्वच्छ नाही. गुदाशय ओटीपोटाच्या अरुंद, हाडांनी वेढलेल्या पोकळीत असतो, आणि त्याच्याभोवतीचे चरबीचे वेष्टण अखंड ठेवून काढणे हेच या शस्त्रक्रियेचे मर्म आहे. इंग्लंडमधील बिल हील्ड यांनी १९८२ पासून हा मुद्दा लावून धरला आणि त्यामुळे कर्करोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण जगभर खाली आले. दुर्बिणीने हे वेष्टण तितक्याच नेटकेपणाने काढता येते का, यावर २०१५ मध्ये एकाच वर्षी वेगवेगळी उत्तरे आली. युरोपात प्रामुख्याने झालेल्या, हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी कर्करोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के, म्हणजे अगदी सारखे निघाले. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या दोन चाचण्यांना मात्र काढलेल्या नमुन्याच्या दर्जात दुर्बीण कमी पडत नाही, हे सिद्ध करता आले नाही. ही उत्तरे परस्परांविरुद्ध वाटतात, पण त्यांचा व्यवहारातला अर्थ एकच निघतो. गुदाशयासाठी पद्धतीपेक्षा ती करणारा हात अधिक महत्त्वाचा आहे.

यंत्रमानवाच्या, म्हणजे रोबोटिक, शस्त्रक्रियेकडेही याच नजरेने पाहावे. त्यात यंत्र स्वतःहून काहीही करत नाही. शल्यचिकित्सक काही अंतरावर बसून त्याचे हात चालवतात. दृश्य त्रिमितीय दिसते, हत्याराचे टोक मनगटासारखे वळते आणि हाताचा कंप गाळला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटच्या गटात ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के होते, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्यानंतर चीनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत मधल्या आणि खालच्या गुदाशयासाठी रोबोटचे निष्कर्ष सरस आले. त्यामुळे अरुंद ओटीपोटात, खूप खाली असलेल्या गाठीसाठी रोबोट सुचवला गेला तर त्यामागे तर्क आहे. उजव्या बाजूच्या आतड्याच्या सरळ शस्त्रक्रियेसाठी केवळ रोबोट हवा म्हणून अनुभवी पथक सोडून दुसरीकडे जाण्यात मात्र शहाणपण दिसत नाही.

नवी पद्धत म्हणजे चांगली पद्धत, हे गृहीत धरता येत नाही याची उदाहरणे जवळचीच आहेत. गुदद्वाराच्या बाजूने गुदाशय सोडवण्याची एक पद्धत गेल्या दशकात झपाट्याने पसरली. नॉर्वेमध्ये कर्करोग लवकर आणि अनेक ठिकाणी उलटत असल्याचे लक्षात आल्यावर तिथल्या शल्यचिकित्सकांनी ती थांबवली. शेजारच्याच अवयवाबद्दल, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल, २०१८ च्या चाचणीत लहान छेदांच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे आयुर्मान पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी निघाले. एका अवयवाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नये, हे यावरून ध्यानात ठेवावे.

शल्यचिकित्सकांना काय विचारावे

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत एखादे शांत डोक्याचे माणूस असावे. नेमकी हीच शस्त्रक्रिया आपण वर्षातून किती वेळा करता, त्यांतल्या किती जणांचे पोट उघडावे लागते आणि किती जणांचा आतड्याचा जोड गळतो, हे तीन प्रश्न नम्रपणे पण स्पष्ट विचारावेत. आपल्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. "आमच्याकडे असे कधी होतच नाही" हे उत्तर मिळाले तर मात्र थोडे थांबून विचार करावा, कारण उत्तमातल्या उत्तम हातांतही काही जोड गळतातच. उजव्या बाजूच्या आतड्यात हे प्रमाण थोडे असते. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका धोका वाढत जातो आणि अगदी खालच्या जोडांत तो दहांत एकाच्या आसपास जाऊ शकतो.

मध्येच पोट उघडावे लागणे म्हणजे शस्त्रक्रिया फसणे नव्हे. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असणे, रक्तस्राव, शेजारच्या अवयवात शिरलेली गाठ किंवा नीट न दिसणारी रचना, यांपैकी कोणत्याही कारणाने तसे करावे लागते. सुरुवातीच्या एका ब्रिटिश चाचणीत हे प्रमाण तब्बल २९ टक्के होते. अनुभव वाढला तसे ते बरेच खाली आले. वेळेवर पोट उघडणारा शल्यचिकित्सक हट्टाने दुर्बिणीतच अडकून पडणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. संमतिपत्रावर सही करताना ही शक्यता घरातल्या सर्वांना समजली आहे ना, याची खात्री करून घ्यावी, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर ती बातमी वज्राघातासारखी कोसळत नाही.

आतडे पूर्ण तुंबून पोट फुगलेले असणे, रक्तदाब ढासळलेला असणे, फार मोठी आणि चहूकडे चिकटलेली गाठ असणे, अशा वेळी दुर्बिणीचा आग्रह धरूच नये.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, सापडलेली गाठ लहान असेल तर त्याच वेळी तिच्याजवळ काळ्या शाईची खूण करून घेतली आहे का, हे विचारावे. पोट उघडल्यावर हाताने चाचपून गाठ शोधता येते. दुर्बिणीत तो स्पर्श नसतो आणि बाहेरून सगळे आतडे सारखेच दिसते. खूण नसेल तर शस्त्रक्रियेच्या मध्यावर गाठ शोधत बसण्याची वेळ येते.

आधीचे चार आठवडे

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंतचा काळ वाट पाहण्यात घालवू नये. धूम्रपान किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद करावे. जखम आणि आतड्याचा जोड दोन्ही भरून येण्यासाठी रक्तपुरवठा लागतो आणि तंबाखू नेमका तोच आखडतो. रक्त कमी असेल तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रक्ताची बाटली लावण्यापेक्षा आधीपासून उपचार करणे केव्हाही चांगले. वजन घटलेल्या, जेवण तुटलेल्या रुग्णाने प्रथिने वाढवण्यासाठी आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मधुमेह आटोक्यात आणावा. रोज धाप लागेल न लागेल इतपत वेगाने चालावे आणि फुप्फुसांचे व्यायाम शिकून घ्यावेत, कारण शस्त्रक्रियेनंतर दुखत असताना ते नव्याने शिकणे अवघड जाते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती कधी थांबवायची हे भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. स्वतःच्या मनाने ती बंद करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत.

पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही देत नसत. आता ज्यांचे जठर व्यवस्थित रिकामे होते अशा रुग्णांना भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत हलके अन्न आणि दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ पेय घेता येते. आतडे साफ करण्याचे औषध दिले असेल तर अन्नाबद्दलचे नियम वेगळे असतात, म्हणून आपल्या पथकाने दिलेले वेळापत्रक हेच अंतिम मानावे. जुलाबाचे औषध दिले असता त्यासोबत पोटातून घ्यायची प्रतिजैविकेही आहेत का, हे विचारावे. संसर्ग टाळण्यासाठी नुसत्या जुलाबाचा फारसा उपयोग होत नाही. स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेली वाट, करावा लागण्याची शक्यता असेल तर त्याची जागा आधीच, रुग्णाला बसवून, उभे करून आणि वाकवून, त्वचेवर आखून घ्यावी. झोपलेल्या पोटावर योग्य वाटलेली जागा बसल्यावर घडीत जाते आणि मग पिशवी चिकटत नाही.

रुग्णालयातले दिवस

लवकर बरे होण्याचे श्रेय आपण सहज दुर्बिणीला देतो, पण त्यातला मोठा वाटा शुश्रूषेच्या पद्धतीचा आहे. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की नाकातली नळी, दीर्घ उपवास, अंथरुणाला खिळवून ठेवणे आणि भरमसाट सलाईन यांचा रुग्णाला फायदा होण्याऐवजी तोटाच होतो. पुढे नेदरलँड्समध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दुर्बीण आणि या गोष्टी टाळून रुग्णाला लवकर खायला-चालायला लावण्याची, म्हणजे त्वरित पुनर्प्राप्तीची, पद्धत, दोन्ही एकत्र वापरलेल्या गटाचा मुक्काम सर्वांत कमी ठरला. म्हणून रुग्णालय निवडताना ते ही पद्धत पाळते का, हा प्रश्न रोबोट आहे का या प्रश्नाच्या आधी विचारावा.

जागे झाल्यावर खांदा दुखला तर घाबरू नये. पोटात उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवले जाते आणि त्याची वेदना मज्जातंतूमार्गे खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत ती ओसरते. मात्र वेदनेबरोबर धाप किंवा छातीत दडपण असेल तर लगेच सांगावे.

पहिल्यांदा उठण्याचे एक तंत्र आहे. सरळ पाठीवरून उठून बसण्याचा प्रयत्न केला की पोटाचे स्नायू ताणले जातात आणि छेदाच्या जागी कळ येते. त्या एका कळेने अनेक रुग्ण दिवसभर हलायचे नाकारतात. त्याऐवजी गुडघे वाकवावेत, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरावर भार देत अंग वर उचलावे. बसल्यावर लगेच उभे राहू नये; चक्कर येत नाही ना, हे पाहून मगच पाय टेकावेत. खोकताना छोटी उशी पोटावर घट्ट धरावी. असे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठता आले की पुढचे सारे सोपे होते. अन्नही बहुधा पहिल्या दिवसापासून थोडे थोडे सुरू करतात. वारा सरण्याची वाट पाहत उपाशी राहण्याची गरज नसते.

जोड गळण्याची चिन्हे

या लेखातला हा भाग घरातल्या किमान दोघांनी नीट वाचावा. लहान छेद भरून येत असतात, रुग्ण चालू-फिरू लागलेला असतो, आणि त्यामुळे सर्वांचे लक्ष शिथिल होते. पण आतला जोड आपल्याच गतीने भरतो आणि त्याची गळती बऱ्याचदा पहिल्या आठवड्याच्या उत्तरार्धात, कधी त्याहूनही उशिरा, उघड होते. लवकर घरी सोडण्याच्या पद्धतीत नेमका हाच काळ घरी जातो. नाडी सतत जलद चालणे, ताप किंवा थंडी भरून येणे, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, पोट फुगणे, उलटी होणे, काल जेवलेल्या माणसाने आज घास नको म्हणणे, लघवी कमी होणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट पाहू नये. "कालपर्यंत बरे होते, आज काहीतरी वेगळे वाटते" हे घरच्यांचे निरीक्षण डॉक्टरांना जरूर सांगावे. ते पुष्कळदा तपासणीच्या आकड्यांच्या आधी खरे ठरते. वेदनाशामकाची गोळी देऊन झोपवणे ही अशा वेळची सर्वांत घातक चूक आहे.

घरी सोडण्यापूर्वी तिसऱ्या-चौथ्या दिवशीची सीआरपी ही शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी किती आली, तेही विचारून ठेवावे. ती उतरत असेल तर गळतीची शक्यता कमी असते. चढत असेल तर सीटी स्कॅन करून खात्री होईपर्यंत थांबणे इष्ट. जोडाचा रक्तपुरवठा शस्त्रक्रियेतच तपासण्यासाठी इंडोसायनीन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात. विशेष प्रकाशात रक्त पोहोचलेले आतडे काही क्षणांत हिरवे उजळते, आणि जिथे हिरवेपणा थांबतो तिथे न जोडता शल्यचिकित्सक निरोगी भागापर्यंत मागे सरकतात. हे तंत्र उपयुक्त आहे, पण त्यामुळे वरची चिन्हे पाहण्याची गरज संपत नाही.

घरी

जड वजन उचलणे चार ते सहा आठवडे टाळावे; चालणे मात्र रोज वाढवत न्यावे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका घरी गेल्यावरही राहतो, म्हणून अनेक रुग्णांना एकूण चार आठवडे रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने दिली जातात. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नयेत. एकाच पोटरीला सूज आली किंवा ती दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवावे.

खालच्या जोडाच्या रक्षणासाठी लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा केलेला असेल तर पिशवीत येणारे द्रव पहिले काही आठवडे मोजून लिहून ठेवावे. दिवसाला दीड लिटरहून अधिक जात असेल, तोंड कोरडे पडत असेल, उभे राहताना अंधारी येत असेल तर शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने घटत आहेत असे समजावे. अशा वेळी नुसते साधे पाणी भरपूर प्यायल्याने क्षार आणखी वाहून जातात. क्षार-साखरेचे ओआरएस द्रावण घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

गुदाशयाचा भाग काढल्यानंतर शौचाची सवय बदलते. थोडे थोडे अनेकदा होणे, घाई होणे, एकदा बसून समाधान न होणे, वारा आणि मल यांतला फरक न कळणे, हा त्रास कित्येकांना होतो आणि संकोचापोटी ते कोणाला सांगत नाहीत. पहिल्या वर्षात तो बराच कमी होतो. आहारातील बदल, औषधे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरज पडल्यास पाण्याने आतडे धुण्याची पद्धत यांचा उपयोग होतो. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारींबद्दलही हेच लागू आहे, कारण त्यांच्या नसा गुदाशयाला लागूनच जातात. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण विषय काढावा.

पॅथॉलॉजीचा अहवाल आला की त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. त्यात किती लसिका ग्रंथी तपासल्या हे लिहिलेले असते. आतड्याच्या कर्करोगात किमान १२ तपासल्या जाव्यात असा संकेत आहे. कडा गाठीपासून मुक्त आहेत का आणि गुदाशयाच्या बाबतीत भोवतीचे वेष्टण अखंड आहे का, हेही त्यात नोंदलेले असते. छेद किती लहान होता याचा या अहवालात उल्लेख नसतो. केमोथेरपी लागणार का हे या अहवालावरूनच ठरते आणि ती लागणार असेल तर जखमा भरून आल्यावर वेळ न दवडता सुरू करावी लागते, म्हणून अहवालाची भेट पुढे ढकलू नये. त्याच भेटीत सीईए या, कर्करोग उलटल्याची चाहूल घेणाऱ्या रक्तचाचणीच्या आणि सीटी स्कॅनच्या तारखा लिहून घ्याव्यात, आणि साधारण एका वर्षाने करायच्या कोलोनोस्कोपीची नोंदही त्याच कागदावर करून तो घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावा.